जमादाराची पाठ

परवा कल्याणला शेडच्या फाटकाशी विडी ओढत बसलो होतो. काम सुटलेल्या माणसाला दुसरा उद्योग तरी काय? शेजारी बॉयलर धुणाऱ्या टोळीतले दोघेतिघे भाकरीची फडकी सोडून बसले होते. त्यातला एक बाकीच्यांना सांगत होता, की पूर्वी इथे जोमा जमादार म्हणून एक बाबा होता, तो नुसती पाठ टेकून सांगायचा की इंजिन निवलं की नाही. घड्याळ नाही, हात लावून बघणं नाही. नुसती पाठ. "तसली मानसं आता व्हायची नाय," तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

माझं डोकंच फिरलं. मी त्या जोमाच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून राहिलो आहे. शेडमध्ये मी फिटर आणि तो बॉयलर धुणाऱ्या टोळीचा जमादार, त्यामुळे दिवसभरही तोंडासमोर तोच असायचा. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं असं म्हणतात. बोलोत बापडे. मी जे बघितलं ते सांगणार.

ज्यांनी इंजिन फक्त गाडीला जुंपलेलंच बघितलंय त्यांना हे काम ठाऊक नसतं. इंजिनाच्या पोटात पाणी उकळतं, आणि आमच्याकडचं पाणी म्हणजे निम्मं खाडीचं. आत क्षार धरतो, गाळ बसतो, पत्र्यावर खपल्या जमतात. त्या वेळेवर काढल्या नाहीत तर पाणी पत्र्याला लागत नाही, पत्रा लाल होतो आणि एक दिवस फुटतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी इंजिन शेडमध्ये आणायचं, खड्ड्यावर उभं करायचं, भट्टीतली आग पाडायची, वाफ सोडायची, आणि मग थांबायचं. निवेपर्यंत थांबायचं. निवलं की खालची लोखंडी बुचं फिरवून काढायची, पाणी काढून टाकायचं, नळी लावून धुवायचं, सळ्यांनी खरवडायचं. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. गरम असताना बूच काढलं तर खाली बसलेला माणूस शिजतो, आणि गरम असताना थंड पाणी आत सोडलं तर पत्रा तडकतो.

तर निवलं की नाही हे ठरवायचा जोमा. त्याची रीत अशी. खड्ड्यात उतरायचा, अंगातली बंडी काढून काठावरच्या कुणाच्या तरी हातात द्यायचा, आणि भट्टीच्या खालच्या उघड्या पत्र्याला पाठ लावून मांडी घालून बसायचा. मग फडकं सोडायचा. तांदळाची भाकरी, सुकट, एखादा कांदा. टोळी काठावर गप्प उभी. त्याचं खाणंही सावकाश, प्रत्येक घास चावून चावून. भाकरी संपेपर्यंत पाठ हलली नाही तर तोंड पुसून म्हणायचा, "निजलंय." मग बुचं काढायला हात लागायचे. आणि मध्येच उठला तर म्हणायचा, "जागं हाय." मग कुणाची टाप होती हात लावायची!

ही पाठ साधी नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंत तिच्यावरचं कातडं चकचकीत, गाठी पडलेलं होतं. शेड नवी असताना कुणीतरी घाईनं बूच काढलं, आणि जोमानं त्या माणसाला बाजूला ढकलून उकळतं पाणी स्वतःच्या पाठीवर घेतलं. ही गोष्ट खरी आहे. तो वाचलेला माणूस मी बघितलाय, तो जोमाच्या पाया पडायचा. पुढे त्या गोष्टीला रोज नवे हातपाय फुटत गेले ते सोडा, पण मूळ खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. तेव्हापासून टोळीनं मनात धरलं, की जी पाठ एकदा शिजली तिला वाफ दुरून ओळखू येते. ती टोळी सगळी मिठागरांवरची माणसं, कोलशेतपासून दिव्यापर्यंतच्या गावांतली. त्यांना एकेकाला जोमानंच शेडमध्ये चिकटवलेलं. त्यांच्या लेखी त्या पाठीला देवस्थानाचा मान होता. नवा गडी कामाला लागला की पहिल्या दिवशी तिला हात लावून नमस्कार करायचा. जोमा वाकून उभा राहायचा आणि खुशाल करू द्यायचा.

माणूस तोंडाचा फाटका होता. मी रत्नागिरीकडचा, म्हणून मला जन्मभर "कोकन्या" म्हणाला. माझं नाव त्याला ठाऊक होतं की नाही देव जाणे. कुणी घाई केली की म्हणायचा, "घाई असंल त बैलगारीनं जा." ड्रायव्हर असो, फोरमन असो, हेच उत्तर. बायको लवकर गेलेली. घरात एकुलती एक मुलगी चांगुणा, आणि टोळीतलाच पदू नावाचा कोलशेतचा एक हसरा गडी जावई करून घरात आणलेला. पदू खांद्यानं रुंद आणि स्वभावानं गरीब. सासऱ्याला "मामा, मामा" करत मागे फिरायचा. चांगुणा त्याच्यावर जीव टाकायची. भिंत पातळ होती, त्यांचं हसणं आम्हाला ऐकू यायचं, आणि आमची बायको मला म्हणायची, बघा, असं असतं माणसाचं घर.

भिंतीपलीकडून रोज सकाळी आणखी एक गोष्ट ऐकू यायची. जोमा आंघोळीला बसायचा आणि विचारायचा, "चांगू, पानी कढत नाय ना?" ती म्हणायची, "नाय बाबा, ऊन हाय." मग तांब्याचा आवाज. एक दिवस नाही की हे चुकलं. मी त्याची चेष्टा करायचो. म्हटलं, जमादार, अख्खं इंजिन तुम्हाला पाठीनं कळतं, आणि आंघोळीचं पाणी पोरीला विचारता? तो हसण्यावारी न्यायचा. पाण्याचा भरवसा नाही, लोखंड खरं बोलतं, असलं काहीतरी सांगायचा. मीही हसायचो.

एकदा शिमग्याला होळीभोवती आम्ही सगळे उभे होतो. जोमा उघडाच, आगीकडे पाठ करून कुणाला तरी शिव्या घालत होता. एक निखारा उडाला आणि नेमका त्याच्या पाठीवर येऊन बसला. तिथेच राहिला. जोमाचं बोलणं चालूच. शेवटी पदूनं पुढे होऊन तो बोटांनी उडवला आणि स्वतःचीच बोटं तोंडात घातली. जोमानं वळून खाली पडलेला निखारा बघितला आणि मग छाती फुगवून म्हणाला, आग माझ्या पाठीला ओळखते. आम्ही टाळ्या पिटल्या. ढोल वाजले. सगळं गाव त्या पाठीवर खूश.

त्याचं एक मात्र मानलं पाहिजे, आणि ते सांगितलं नाही तर मी खोटा ठरेन. आमचे फोरमन साहेब नवे होते तेव्हा एकदा त्यांना घाई झाली. घाटाकडे जायला इंजिन हवं होतं. ते म्हणाले, निवायची वाट कशाला बघता, थंड पाणी सोडा आत. जोमानं नळी हातात घेतली, तिची घडी घातली आणि पाटावर बसावं तसा तिच्यावर बसला. साहेब ओरडताहेत, कारकून घाबरून अर्धंमुर्धं मराठीत सांगतोय, आणि हा तंबाखू मळतोय. इंजिन उशिरा गेलं. पुढे थोड्याच दिवसांत बातमी आली, की दुसऱ्या एका शेडात असंच थंड पाणी सोडलं आणि पत्रा तडकला. साहेब स्वतः चालत आले आणि जोमाच्या पाठीवर थाप मारून गेले. त्या दिवसापासून कल्याणच्या शेडमध्ये जोमा "जागं हाय" म्हणाला की साहेबसुद्धा घड्याळ खिशात घालायचे. हे ध्यानात ठेवा. पुढे जे झालं त्याला कुणा साहेबानं भाग पाडलं नव्हतं.

त्या दिवशी जोमा सकाळी शेडमध्ये नव्हता. दिव्याकडे भावकीत लग्न होतं, तिथून तो परभारे दुपारी आला. खड्ड्यावर इंजिन उभं होतं. ते सकाळीच घाट उतरून आलं होतं, आग पाडून फार वेळ झाला नव्हता. एरवी इंजिन आदल्या संध्याकाळी येऊन रात्रभर उभं असायचं, आणि जोमाला वाटलं हेही तसंच उभं आहे. त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारणार कसा? पाठवाला जमादार आग कधी पाडली म्हणून विचारतो, हे कुणी ऐकलं असतं तर? साहेबांनी कारकुनाकरवी एवढंच विचारलं होतं, की इंजिन संध्याकाळी मिळेल का, नाही तर उद्या चालेल.

तो खड्ड्यात उतरला. बंडी पदूच्या हातात दिली. पाठ टेकली, भाकरीचं फडकं सोडलं. लग्नातलं गोडधोड फडक्यात बांधून आणलं होतं, तेही खाल्लं. मी शेजारच्या खड्ड्यावर चाकाचं काम करत होतो, मला सगळं दिसत होतं. इतका निवांत बसला होता तो, जणू घरच्या ओट्यावरच. तोंड पुसलं आणि म्हणाला, "निजलंय."

जोमा वर आला आणि पदू खाली उतरला. पान्यानं बूच धरण्याआधी त्यानं त्याला हात लावला आणि काढून घेतला.

"मामा, बूच तापलेलं लागतंय," तो म्हणाला.

जोमानं बंडी अंगात घालता घालता खाली बघितलं. काठावर सगळी टोळी उभी होती.

"तुजा हात मोठा का माजी पाठ?"

टोळी हसली. पदूही हसला, शरमून. पान्याला जोर दिला.

ते मी वर्णन करून सांगणार नाही. आवाज असा आला की छपरावरची कबुतरं उठली, आणि खड्डा पांढऱ्या वाफेनं भरला. आम्ही पदूला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता, हेच वाईट. दिवस मावळेपर्यंत जगला. चांगुणाला आणलं, तिला ओळखलं त्यानं. पण बोलला एकच, तेही पुन्हा पुन्हा, जणू कुणी त्याला जाब विचारतंय. "मामा बोलला निजलंय. मामा बोलला." मी तिथे होतो. चांगुणा तिथे होती. जोमा दाराशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदूला पोचवून आल्यावर सगळे पुरुष खाडीकाठच्या विहिरीवर आंघोळीला गेलो. जोमानं बंडी काढली आणि पाणी ओढायला वाकला. त्याच्या पाठीवर, त्या चकचकीत कातड्यावर, आदल्या दिवशी पत्रा टेकला होता तिथे भाकरीएवढा फोड आला होता. खालचा भाग फुटून बंडीला चिकटला होता आणि बंडीबरोबर सोलून निघाला होता. आणि जोमा पोहरा ओढत होता. त्याला पत्ताच नव्हता. त्यानं पाणी ओतून घेतलं, त्या सोललेल्या मांसावर, आणि त्याचा चेहरा हलला नाही.

टोळी बघत राहिली. कळलं सगळ्यांना. शिजलेली पाठ वाफ ओळखत नाही. तिला काहीच कळत नाही, ती मेलेली असते. इतकी वर्षं इंजिनं आपापली निवत होती आणि मान पाठीला मिळत होता. मग तो कधी मध्येच उठायचा तो कशावरून? राखेकडे बघून, कधी आलं त्याचा हिशेब मनात करून, अंदाजानं. अंदाज चांगला होता त्याचा, तेही खरं. तसं त्यानं उघड सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण अंदाज कुणालाही असतो, देवाची पाठ एकट्याकडे होती.

त्याला आधीपासून ठाऊक होतं का, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर आमच्या बायकोनं आणलं. ती चांगुणापाशी बसायला गेली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून चांगुणा बापाच्या फोडावर कोरफड लावत होती. लावता लावता तिचा हात थांबला. मग तिनं त्या कच्च्या जखमेवर अंगठा टेकला आणि दाबला. बाप समोर बघत बसलेला. आणखी दाबला. काही नाही. तेव्हा ती पुढे येऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिच्या अंगठ्याला लागलेलं रक्त बघून जोमाला कळलं काय झालं ते. खालच्या आवाजात एवढंच म्हणाला, "भायेर बोलू नको, पोरी."

आणि चौकशी! साहेबांनी टोळीला ओळीनं उभं केलं आणि कारकुनाकरवी विचारलं, बूच काढायला कुणी सांगितलं? पहिला म्हणाला, पदूनं आपल्याच मनानं काढलं, जमादार नको म्हणत होता. दुसरा तेच म्हणाला. सगळे तेच म्हणाले. ज्यांनी पदूचं लग्न नाचून काढलं होतं, त्यांनी. का, तर जोमा गेला तर दुसरा जमादार येईल, तो आपल्या गावची माणसं भरील आणि ह्यांना पुन्हा मिठागरावर जावं लागेल. मला त्यांचा राग आहे, पण त्यांचं मी समजू शकतो. जोमाचं नाही समजू शकत. साहेबांनी त्याला शेवटी विचारलं. त्यानं जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "पोर उतावळा होता."

मी तडक कारकुनाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, अहो, पाठीनं बॉयलर तपासतात हे साहेबाला मी इंग्रजीत कसं सांगू? मलाच वेड्यात काढतील. आणि तुम्ही टोळीत नाही, खड्ड्यात नव्हता, तुमचं कोण ऐकणार? झालं. पदू उतावळा ठरला. कोलशेतला त्याच्या घरीही तेच पोचलं. पदूचं नाव निघालं की शेडमध्ये नव्या माणसांना सांगू लागले, घाई केली की काय होतं, तो पदू बघा. चांगुणा नळावर पाणी भरायला जायची तिथे बायका बोलायच्या, बिचारी, नवराच अविचारी निघाला. ती हंडा उचलून निघून यायची.

जोमा जमादार राहिला. पाठ टेकत राहिला. भाकरी खात राहिला. मात्र आता आग कधी पाडली ते टोळीतलं कुणीतरी न विचारता त्याच्या कानावर घालायचं. पुढे नवे फोरमन आले, त्यांनी नियम लावला, की इंजिन अमुक वेळ उभं राहिलंच पाहिजे, वरचा नळ उघडून वाफ बघितलीच पाहिजे, आणि घंटा झाल्याशिवाय खाली कुणी उतरायचं नाही. कुणी जोमाला काढलं नाही. तो खड्ड्याकाठी बसून भाकरी खायचा आणि घंटा वाजली की टोळी त्याच्याकडे न बघता उतरायची. थोड्या दिवसांनी त्यानं काम सोडलं आणि चांगुणाला घेऊन दिव्याकडे गावी गेला. भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड आलं.

चांगुणा तरुण होती, त्यांच्यात बाईचं दुसरं लग्न लावतात, दोन ठिकाणांहून विचारणंही झालं. ती नाही म्हणाली. बापाला कोण बघणार, म्हणाली. गावात तिचं किती कौतुक! अशी लेक सगळ्यांना मिळो, म्हणायचे.

मी त्याला शेवटचा बघितला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, थंडीत. त्या बाजूला माझं काम निघालं होतं. जाणार नव्हतो, पण पाय वळले. सकाळची वेळ. मिठागराच्या बांधाला लागून त्यांचं घर, अंगणात न्हाणीचा दगड, चुलीवर हंडा. जोमा दगडावर चुलीकडे पाठ करून बसला होता, फार वाळलेला. मला बघून ओरडला, "आलास का कोकन्या!" आणि खरंच आनंद झाला त्याला. मी बाजूच्या ओट्यावर टेकलो. तो यंदाच्या मिठाचं सांगू लागला, बांध फुटला त्याचं सांगू लागला. चांगुणानं हंडा उतरवला आणि त्याच्या मागे आणून ठेवला. पाणी अजून खदखदत होतं. तिनं त्यात विसणाचं गार पाणी घातलं नाही.

त्यानं मागे न वळता विचारलं, "चांगू, पानी कढत नाय ना?"

"निजलंय, बाबा," ती म्हणाली.

तिनं तांब्या भरला आणि त्याच्या पाठीच्या मधोमध, त्या चकचकीत कातड्यावर हळूच ओतला. थंडीत वाफ उठली आणि त्याच्या डोक्यावरून गेली. तो मला बांधाचं सांगत राहिला. चांगुणानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुसरा तांब्या भरला.